नव्या वहाणेची करकर : हृदयाच्या आवरणाचा आजार आणि तो ओळखण्याचा इतिहास

(नातेपुते येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हृदयाच्या आजारावर व्याख्यान आहे म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. अटॅक, अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास. आज मी यातल्या कशावरही बोलणार नाही. हृदयाभोवती एक पिशवी असते. तिला आपण हृदयावरण म्हणू. डॉक्टर मंडळी पेरिकार्डियम म्हणतात. या पिशवीला सूज येते, दाह होतो, त्याला पेरिकार्डायटिस म्हणतात. हा आजार ओळखायला माणूस कसा शिकला आणि त्यावर इलाज कसा सापडत गेला, ती गोष्ट आज सांगायची आहे.

कुणी म्हणेल, नातेपुत्यात हा विषय कशाला? त्याला कारण आहे. एक तर हा आजार दुसऱ्याच्या नावावर खपतो. कधी त्याला अटॅक समजतात, कधी पित्त किंवा गॅस समजतात, आणि जुना झाला की लिव्हरचा आजार समजतात. दुसरं म्हणजे आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण क्षयरोग, म्हणजे टीबी आहे. तो बरा होतो आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आणि तिसरं कारण मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं. या आजाराच्या बहुतेक खुणा यंत्रं येण्याआधी सापडल्या. कानानं, बोटांनी आणि डोळ्यांनी सापडल्या. ज्या गावात मोठं यंत्र नाही, तिथंही त्या तपासता येतात.

आधी ही पिशवी कशी असते ते पाहू. हृदय साधारण आपल्या मुठीएवढं. त्याच्याभोवतीच्या आवरणाला दोन पदर असतात. दोन पदरांच्या मध्ये पंधरा ते पन्नास मिलिलिटर पाणी, म्हणजे तीन चमच्यांपासून दहा चमच्यांपर्यंत. हे वंगण आहे. हृदय दिवसातून एक लाखाच्या आसपास ठोके देतं, आणि दर ठोक्याला ते या वंगणावरून आवाज न करता सरकतं. बैलगाडीच्या आसाला वंगण असतं तसंच.

आता बिघाड कसा होतो? पहिला प्रकार, पदर खरबरीत होतात आणि एकमेकांवर घासतात. दुसरा, मधल्या पाण्याचं प्रमाण वाढतं. तिसरा, पाणी इतकं किंवा इतक्या झपाट्यानं वाढतं की हृदय दाबलं जातं. आणि चौथा, दाह जुना होऊन पदर जाड होतात, एकमेकांना चिकटतात, आवळतात. ही चार रूपं लक्षात ठेवा. आपला इतिहास याच चार रूपांमागून चालतो.

आपल्या जुन्या ग्रंथांपासून सुरुवात करू. चरक आणि सुश्रुत दोघांनीही हृद्रोग सांगितला आहे. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. छातीतली टोचणी, जडपणा, धाप, मूर्च्छा अशी लक्षणं त्यात येतात. पण हृदय वेगळं, त्याचं आवरण वेगळं, आणि आवरणाचा आजार वेगळा, ही विभागणी तिथं नाही. ती असावी अशी अपेक्षाही करू नये. शरीर उघडून पाहिल्याशिवाय हा भेद कळणं अवघडच.

उघडून पाहणाऱ्यांना मात्र तो लवकर दिसला. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्यानं प्राण्यांच्या हृदयावरणात साठलेलं पाणी पाहिलं होतं. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलचा अरब वैद्य इब्न झुहर यानं या आवरणाच्या दाहाचं वर्णन केलं. आणि १६६९ मध्ये, म्हणजे इकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला अजून पाच वर्षं अवकाश असताना, इंग्लंडच्या रिचर्ड लोअरनं हृदयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं नेमकी गोष्ट सांगितली : पिशवीत पाणी साठलं तर ते हृदयाला चहूबाजूंनी दाबतं, हृदयाला फुलायला जागा राहत नाही, म्हणून रक्त आत येत नाही आणि माणूस कोसळतो. कारण समजलं, पण ते मेल्यावर समजत होतं. जिवंत माणसाच्या छातीत काय चाललंय ते बाहेरून कसं ओळखायचं, हा प्रश्न अजून शंभर वर्षं तसाच राहिला.

त्याचं पहिलं उत्तर आलं ऑस्ट्रियातून. ग्राझ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड आउएनब्रुगर, व्हिएन्नात डॉक्टर झाला. असं सांगतात की वडील दारूच्या पिंपावर टिचकी मारून आत किती माल आहे ते ओळखायचे, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आपल्याकडे बाजारात कलिंगड टिचकी मारून घेतात, तोच प्रकार. त्यानं रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायला सुरुवात केली. जिथं हवा आहे तिथं पोकळ आवाज, जिथं पाणी आहे तिथं बद्द. १७६१ मध्ये, म्हणजे आपल्या पानिपताच्या वर्षी, त्याचं छोटंसं पुस्तक आलं. हृदयाभोवती पाणी साठलं की बद्द आवाजाचा भाग पसरतो, हेही त्यात आहे. लोकांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कॉर्व्हिसार यानं त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ही टिचकी वैद्यकात शिरली. तोपर्यंत सत्तेचाळीस वर्षं गेली होती.

त्यानंतर आला कान. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लेनेकपुढे एक तरुण स्त्री रुग्ण म्हणून आली. तिच्या छातीला कान लावणं संकोचाचं होतं. लेनेकनं कागदाची सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. आवाज जास्त स्पष्ट आला. त्यातून स्टेथोस्कोप निघाला. १८१९ मध्ये त्यानं छातीतल्या आवाजांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण इतका तयार कानाचा माणूसही हृदयावरणाच्या दाहापुढे हतबल झाला. हा आजार ओळखणं फार अवघड, असं त्यानं मोकळेपणानं मान्य केलं.

आणि इथं त्याचा एक विद्यार्थी पुढे आला. त्याचं नाव व्हिक्टर कोलँ. १८२४ मध्ये त्यानं लिहिलं की हृदयावरणाला दाह झालेल्या रुग्णाच्या छातीत एक विशेष आवाज येतो. त्यानं त्याला उपमा दिली नव्या चामड्याच्या आवाजाची.

मंडळी, ही उपमा पॅरिसच्या माणसाला समजावून द्यावी लागत असेल. तुम्हाला मला ती समजावायला नको. नवी कोरी कोल्हापुरी वहाण घालून माणूस चालायला लागला की तो दिसायच्या आधी ऐकू येतो. करकर, करकर. कोरडं चामडं चामड्यावर घासतं. वंगण हरवलेले हृदयावरणाचे दोन पदर एकमेकांवर घासले की नेमका हाच आवाज येतो. रुग्णाला बसवून थोडं पुढे वाकवायचं, श्वास सोडून क्षणभर रोखायला सांगायचं, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप जरा दाबून लावायचा. हा आवाज येतो आणि जातो. सकाळी ऐकू आला, संध्याकाळी गायब झाला, असं होतं. म्हणून एकदा ऐकून भागत नाही. पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

रुग्ण पुढे वाकतो, याचाही या आजाराशी संबंध आहे. या आजारात छातीत धारदार दुखतं. उताणं झोपलं की वाढतं, खोल श्वास घेतला, खोकला आला की वाढतं, आणि उठून पुढे वाकून बसलं की कमी होतं. कधी ते डाव्या खांद्याच्या वरच्या कडेला, मानेपाशी जातं. अटॅकचं दुखणं सहसा असं अंगस्थितीप्रमाणे बदलत नाही; ते दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं. रात्रभर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलेला माणूस आपण निदान सांगतोय, हे त्याला माहीत नसतं. विचारणाऱ्यानं विचारलं पाहिजे : कसं बसल्यावर बरं वाटतं?

आता ही विद्या आपल्याकडे कधी आली ते पाहू. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याच्या शेजारी जमशेटजी जीजीभाई रुग्णालय, म्हणजे आजचं जे. जे., सुरू झालं. १८५१ मध्ये कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली. आपले भाऊ दाजी लाड त्यातलेच. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड. त्यांनी १८५६ मध्ये भारतातल्या रोगांवर मोठा ग्रंथ छापला, आणि त्याचा पाया होता मुंबईच्या रुग्णालयांतल्या नोंदी. खाटेवर रुग्ण असताना काय ऐकलं, काय पाहिलं, आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात काय सापडलं, हे दोन्ही ताडून पाहायचं. चुकलो असू तर लिहून ठेवायचं. पॅरिसमध्ये जन्मलेली ही शिस्त तीस-पस्तीस वर्षांत मुंबईत पोचली होती.

कानानंतर पाळी आली बोटांची. नाडी आपल्याला नवीन नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षा सांगितली आहे, आणि वैद्यानं मनगटावर तीन बोटं ठेवायची ही पद्धत घरोघरी माहीत आहे. १८७३ मध्ये जर्मनीच्या अडोल्फ कुसमाउलनं हृदयावरणाचा आजार झालेल्या रुग्णांच्या नाडीत एक विचित्र गोष्ट टिपली. रुग्णानं श्वास आत घेतला की मनगटावरची नाडी अगदी बारीक होते किंवा नाहीशीच होते, श्वास सोडला की परत येते. आणि छातीवर कान ठेवला तर हृदयाचे ठोके मात्र चालूच आहेत. म्हणून त्यानं तिला विरोधाभासी नाडी म्हटलं.

असं का होतं? श्वास आत घेताना हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त जास्त येतं. एरवी हृदय बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देतं. पण भोवती पाणी तुंबलेलं असेल तर बाहेर फुगता येत नाही. मग उजव्या कप्प्यानं हातपाय पसरले की डाव्याला अंग चोरावं लागतं. एकाच खोलीत दोन भावांचे संसार, तसं. डाव्या कप्प्यातून त्या ठोक्याला रक्त कमी निघतं आणि मनगटापर्यंत जोर पोचत नाही. आज डॉक्टर रक्तदाबाच्या यंत्रानं हेच मोजतात : श्वास आत घेताना वरचा आकडा दहापेक्षा जास्त उतरला तर सावध व्हायचं.

पाणी हृदयाला दाबायला लागलं या अवस्थेला आज टॅम्पोनाड म्हणतात. हा शब्द १८८४ मध्ये एडमुंड रोझ यानं वापरात आणला. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. किती पाणी साठलं याइतकंच ते किती वेगानं साठलं याला महत्त्व आहे. आवरण हळूहळू ताणतं. महिनोन् महिने साठत गेलं तर लिटरभर पाणी घेऊनही माणूस चालता-फिरता असतो. आणि घाव लागून तासाभरात दीडदोनशे मिलिलिटर रक्त साचलं, तर तेवढ्यानं जीव जातो. रक्तदाब उतरलेला, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या आणि हृदयाचे ठोके दुरून आल्यासारखे मंद, ही तीन लक्षणं अमेरिकेच्या क्लॉड बेक या शल्यविशारदानं १९३५ मध्ये एकत्र बांधून दिली. ती एकत्र दिसली तर एक मिनिट दवडायचं नाही.

मग हे पाणी काढायचं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या फ्रान्सिस्को रोमेरो या डॉक्टरनं छातीला छेद देऊन पाणी काढलं. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या फ्रान्झ शू यानं नळीसारखी सुई टोचून ते काढलं. हातात अंदाजाशिवाय काही नाही, आणि सुईच्या टोकापुढे धडधडतं हृदय. १९११ मध्ये फ्रान्सच्या मार्फाँनं छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाखालून सुई वर नेण्याची वाट दाखवली. आज ही सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत घालतात. पाणी निघायला लागलं की मिटल्या डोळ्यांचा माणूस काही मिनिटांत डोळे उघडून पाणी मागतो. वैद्यकात इतक्या झटपट दिसणारे इलाज फार थोडे आहेत.

पण मंडळी, पाणी काढलं म्हणजे आजार गेला का? विहिरीतलं पाणी उपसलं तरी झरा जिवंत असेल तर ती पुन्हा भरते. झरा कुठला हे शोधायला हवं. १८३६ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइटनं मूत्रपिंडाच्या आजारात हृदयावरणाला दाह होतो हे नोंदवलं. विषाणूंमुळे होतो, अटॅकनंतर होतो, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर होतो, संधिवाताच्या काही आजारांत होतो, कर्करोग पसरला तर होतो. पण आपल्या इतिहासातला मोठा झरा म्हणजे क्षय.

२४ मार्च १८८२ या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. ज्या लेनेकनं आपल्याला ऐकायला शिकवलं, तो १८२६ मध्ये क्षयानंच गेला होता. आणि जंतू सापडल्यावर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली आपली मुलगी, वय वर्षं एकवीस, पदवी मिळून पुरतं वर्षही झालं नव्हतं. क्षयानंच. त्यांना हृदयावरणाचा आजार होता असं मी म्हणत नाही. मी सांगतोय ते हे, की रोगाचं कारण माहीत असूनही औषध नव्हतं, असा साठ वर्षांचा काळ होता.

त्या काळात इलाज म्हणजे स्वच्छ हवा, दूध-अंडी आणि विश्रांती. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभं केलं, आणि पुढे वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. पंढरपूरहून मिरजेला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जायची. आपल्या भागातला रुग्ण असाच मिरजेला पोचायचा. पण क्षय हृदयावरणात शिरला असेल, तर हवापाण्यानं काय होणार? त्यातून उठणारे फार थोडे.

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, आणि चित्र बदललं. पण आपल्या देशापुढे नवा प्रश्न होता : इतक्या लोकांना आरोग्यधामात खाटा कुठून आणायच्या? त्याचं उत्तर मद्रासच्या अभ्यासानं दिलं. १९५६ मध्ये तिथं क्षयाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र निघालं. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला त्यांच्या गर्दीच्या, गरिबीच्या घरातच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला : औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रुग्ण तितकेच बरे होतात, आणि घरच्यांना होणारी लागणही त्यामुळे वाढत नाही. हा अभ्यास फुप्फुसाच्या क्षयाचा होता, पण १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम त्याच पायावर उभा राहिला. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सहा महिन्यांची गोळ्यांची पाकिटं मिळतात ती याच वाटेनं आली.

आता चौथं रूप सांगतो, कारण माणसाची सगळ्यात जास्त फरपट त्यात होते. दाह जुना झाला, बरा झाल्यासारखा वाटला, आणि मागे आवरण जाड, कडक होऊन बसलं. इथल्या वडीलधाऱ्यांनी चामड्याची मोट पाहिली असेल. बरेच दिवस कोरडी टांगून ठेवली तर तिचं चामडं कसं लाकडासारखं होतं? तशा मोटेत पाणी किती मावणार? आवळलेल्या आवरणात हृदयाला फुलता येत नाही. रक्त मागे तुंबतं. पाय सुजतात, यकृत मोठं होतं, पोटात पाणी होतं.

१८९६ मध्ये प्राग शहरातल्या फ्रीडेल पिक यानं लिहिलं की असे रुग्ण यकृत खराब झाल्यासारखे दिसतात, पण मूळ आजार हृदयाच्या आवरणाचा असतो. आता विचार करा, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली ही गोष्ट आज गावात विसरली गेली तर काय होतं? पोट फुगलेलं, पाय सुजलेले, सोनोग्राफीत लिव्हर मोठं. लोक काय म्हणतात? "दारू पीत असणार." ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याच्याकडेही संशयानं पाहतात. घरातल्या बाईला असं झालं तर बाहेरचं काहीतरी म्हणून देवऋषी गाठतात. पोटातलं पाणी काढत राहतात, ते भरत राहतं. आणि खूण तर उघड्यावर असते : गळ्याच्या शिरा. यकृताच्या आजारात पोट फुगतं, पण माणूस बसलेला असताना गळ्याच्या शिरा सहसा तट्ट फुगलेल्या दिसत नाहीत. या आजारात दिसतात. पोट तपासणाऱ्यानं दोन क्षण गळ्याकडे पाहायचं, इतकंच.

याला इलाज शस्त्रक्रियेचा. १८९८ मध्ये फ्रान्सच्या देलोर्मनं कल्पना मांडली की हे आवरण सोलून काढावं, हृदय मोकळं करावं. १९१३ मध्ये जर्मनीत रेन आणि झाउअरब्रूख यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. छाती उघडून हृदयाला हात घालण्याची विद्या आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्यासारख्यांनी रुजवली. १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयरोपणाचा भारतातला पहिला प्रयत्न त्यांनी तिथं केला. आवरण सोलण्याची शस्त्रक्रिया आजही मोठी आणि जोखमीची आहे, पण ती आता पुण्या-मुंबईत होते. उशीर जितका जास्त, जोखीम तितकी जास्त.

यंत्रांचं योगदान मी कमी लेखत नाही. ईसीजी आला. या आजारात ईसीजीची रेघ जवळजवळ सगळीकडे वर उचललेली दिसते. अटॅकमध्ये ती हृदयाच्या एका भागापुरती उचलते. हा फरक कळला नाही आणि अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तर आवरणात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड गावात इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातलं, लोखंडातली भेग शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र आणून हृदयावर लावलं. ती इकोची सुरुवात. १९६५ मध्ये अमेरिकेच्या हार्वे फायगेनबाउमनं त्यानं हृदयाभोवतीचं पाणी नेमकं दाखवलं. टिचकीनं जे चाचपडत होतं ते आता डोळ्यांना दिसायला लागलं. आणि तरीही पाहा, २०१५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? विशिष्ट दुखणं, घासल्याचा आवाज, ईसीजीतले बदल आणि पाणी, या चारांपैकी दोन असतील तर निदान करा. कोलँचा १८२४ चा आवाज अजून त्या यादीत आहे.

शेवटी औषधांबद्दल. विषाणूमुळे होणाऱ्या दाहात अ‍ॅस्पिरिन किंवा तशाच सूज उतरवणाऱ्या गोळ्या, आणि विश्रांती. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्टेरॉइड आलं आणि ते जादूसारखं वाटलं. दुखणं दोन दिवसांत गायब. पण गोळी थांबवली की आजार परत. पुढे लक्षात आलं की घाईनं दिलेलं स्टेरॉइड आजार उलटण्याची शक्यताच वाढवतं. शिवाय मूळ कारण क्षय असेल आणि क्षयाची औषधं न देता नुसतं स्टेरॉइड दिलं, तर जंतूला मोकळं रान. ताप उतरतो, अंगदुखी थांबते, माणूस कामाला लागतो, आणि आजार आत वाढत राहतो. कोणती गोळी आहे हे न सांगता मिळणाऱ्या पुड्या घेऊ नका, हे मी म्हणूनच सांगतो.

एक जुनं औषध मात्र नव्यानं कामी आलं. कॉल्चिसिन. ते मिळतं कॉल्चिकम या कंदातून. युनानी हकीम त्याला सुरंजान म्हणतात आणि सांधेदुखीवर देतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही तेच द्रव्य असतं. २०१३ मध्ये इटलीच्या मासिमो इमाझिओ यांच्या गटानं २४० रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीच्या औषधाबरोबर कॉल्चिसिन दिलेल्यांत आजार रेंगाळण्याचं किंवा उलटण्याचं प्रमाण १६.७ टक्के, न दिलेल्यांत ३७.५ टक्के. निम्म्याहून कमी. पण हात जोडून सांगतो, कळलावी हे विष आहे. तिचा कंद उगाळून कुणी घेऊ नये. माणसं दगावतात. औषध म्हणजे मोजलेली मात्रा, आणि ती डॉक्टरनंच मोजायची.

क्षयाच्या बाबतीत २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे डॉ. बोंगानी मायोसी यांच्या गटानं आफ्रिकेतल्या १४०० रुग्णांचा अभ्यास पुढे आणला. क्षयाच्या औषधांबरोबर स्टेरॉइड दिल्यानं मृत्यू कमी होतात का? एकूण फरक पडला नाही. पण आवरण आवळण्याचं प्रमाण ७.८ वरून ४.४ टक्क्यांवर आलं. एचआयव्ही असलेल्यांत मात्र कर्करोगाचा धोका वाढला. त्याच अभ्यासात एका भारतीय जंतूपासून बनवलेलं इंजेक्शनही तपासलं. दिल्लीच्या डॉ. तलवार यांच्या कामातून पुढे आलेला हा जंतू. त्याच्या नावातच 'इंडिकस' आहे. या आजारात त्याचा उपयोग झाला नाही. तसं त्यांनी छापलं. मोरहेडच्या काळातली तीच शिस्त : चुकलो असू तर लिहून ठेवायचं.

तर मंडळी, घरी जाताना चार गोष्टी घेऊन जा. छातीत दुखलं तर स्वतः निदान करत बसू नका, आधी ईसीजी. अटॅक नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम. दुखणं झोपल्यावर वाढतं आणि पुढे वाकल्यावर कमी होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. बारीक ताप, वजन घटणं आणि वाढत जाणारी धाप असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्या, त्यात लाज नाही. आणि पोट फुगलेल्या, पाय सुजलेल्या माणसाला दारुडा ठरवण्याआधी कुणीतरी त्याच्या गळ्याच्या शिरा पाहिल्यात का, एवढं विचारा. सहा महिन्यांची औषधं मिळाली तर सहा महिने घ्या. दुसऱ्या महिन्यात बरं वाटतं आणि गोळ्या ताकात जातात. तिथंच चौथ्या रूपाची तयारी सुरू होते.

दर आषाढात ज्ञानोबारायांची पालखी धर्मपुरीवरून सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. या रस्त्यानं लाखो पावलं जातात, आणि त्यांतल्या नव्या वहाणांची करकर तुम्ही वर्षानुवर्षं ऐकली आहे. यापुढे ती कानावर आली, तर पॅरिसच्या त्या विद्यार्थ्याची आठवण ठेवा. त्याच्याकडे यंत्र होतं ते लाकडाची एक नळी. त्यानं नीट ऐकलं, आणि जे ऐकलं ते साध्या शब्दांत सांगितलं.